भरती समुद्राला येते, माणसाला नाही

"चंद्र एवढा अफाट समुद्र वर ओढतो. माणसाच्या शरीरात सत्तर टक्के पाणी. मग पौर्णिमा-अमावस्येला त्या पाण्याला काहीच होत नसेल का?"

हा सवाल आमच्या यवतमाळकडे सप्ताहाच्या मांडवात ऐकू येतो, मोबाइलवरच्या चित्रफितीत ऐकू येतो आणि चंद्रकलेनुसार पेरणी शिकवणाऱ्या पुस्तिकांच्या पहिल्याच पानावर छापलेला सापडतो. विचारणारा उत्तरासाठी थांबत नाही. माना डोलल्या की तो पुढे जातो: म्हणून पौर्णिमेला वेड वाढतं, म्हणून अमावस्येला ऑपरेशन करू नये, म्हणून शुक्ल पक्षात झाडाचा रस वर चढतो, म्हणून आपले पूर्वज तिथी पाहत होते. शेवटी शिक्का बसतो, "हे विज्ञान आहे."

हे विज्ञान नाही. आणि मला याचा राग येतो तो दोन कारणांनी. एक म्हणजे या युक्तिवादातली पहिलीच पायरी खोटी आहे, त्यामुळे वरची सगळी माडी कोसळते. दुसरं, चंद्राचा पृथ्वीवरच्या जीवनावर आणि आपल्या कालगणनेवर जो खरा परिणाम आहे तो इतका मोठा आहे की त्याला असल्या लटक्या साक्षीदाराची गरज नाही. चंद्राचं काही चालत नाही असं म्हणणाऱ्यांच्या रांगेत मी उभा नाही. चंद्राच्या नावावर भलतंच खपवणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

हे मी लोहाऱ्याच्या संदर्भात मांडतो, कारण कारखान्याचं आणि पंचांगाचं अशी दोन्ही घड्याळं इथे शेजारी शेजारी चालतात. यवतमाळ-दारव्हा रस्त्यावरचं हे गाव. इथे एमआयडीसी आहे, डेनिमचा मोठा कारखाना आहे, पाळ्या भारतीय प्रमाणवेळेवर बदलतात. रस्ता सोडून आत वळलं की कपाशी, तूर, सोयाबीन. तिथे पेरणी मृगावर, पोळा अमावस्येला, कोजागिरी पौर्णिमेला. समुद्र इथून दोन्ही बाजूंना लांब, मुंबईचा किनाराही पाचशे किलोमीटरहून अधिक आणि काकीनाड्याचाही. भरती डोळ्यांनी पाहिलेली माणसं गावात मोजकी, त्यामुळे भरतीबद्दल कुणी काहीही सांगितलं तरी पटतं.

तर आधी भरतीच पाहू. "चंद्र पाण्याला ओढतो" हे अर्धं वाक्य आहे. चंद्र पाण्याला ओढतो तसाच दगडाला, लोखंडाला, हाडामांसालाही ओढतो. गुरुत्वाकर्षण पाणी आणि माती असा भेद करत नाही. म्हणून शरीरात पाणी सत्तर टक्के की साठ, हा मुद्दाच गैरलागू. उद्या शरीर नुसत्या शिशाचं असतं तरी किलोमागे ओढ तेवढीच असती.

आणि भरती येते ती ओढीमुळे नाही, ओढीतल्या फरकामुळे. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर. चंद्राकडच्या बाजूला त्याची ओढ किंचित जास्त, मध्यावर थोडी कमी, पलीकडच्या बाजूला आणखी कमी. या फरकाने पृथ्वी चंद्राच्या रेषेत जराशी ताणली जाते आणि समुद्र दोन्ही बाजूंना फुगतो. चंद्राच्या समोर एक फुगवटा, पाठीमागे दुसरा. खालून पृथ्वी फिरते, म्हणून आपल्या बहुतेक किनाऱ्यांवर दिवसाला दोनदा भरती. नुसती ओढच मोजायची तर सूर्य आपल्याला चंद्राच्या सुमारे पावणेदोनशे पट जोराने ओढतो. तरी समुद्राच्या भरतीत सूर्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहून कमी. कारण ओढीतला फरक अंतराच्या घनाने घटतो आणि सूर्य फार दूर आहे. "ओढ म्हणजे परिणाम" हे समीकरण खरं असतं तर अमावस्या-पौर्णिमा सोडून आपण रोज दुपारी बाराला घाबरून बसायला हवं होतं.

आता माणसाकडे या. फरक पडायला लांबी लागते. पृथ्वीला पावणेतेरा हजार किलोमीटरची लांबी आहे, माणसाला पावणेदोन मीटरची. माणसाचं डोकं आणि पाय यांच्यावरच्या चंद्राच्या ओढीत जो फरक पडतो, तो त्याच्या वजनाचे तीस लाख कोटी भाग केले तर त्यातल्या एकाएवढा भरतो. हा आकडा कुणीही काढू शकतं. चंद्राचं वस्तुमान, ३,८४,४०० किलोमीटर हे सरासरी अंतर आणि न्यूटनचा नियम एवढंच लागतं.

हेच गणित बैलाला लावून पाहा. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी होते. दुसऱ्या दिवशी शिंगं रंगवलेली, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळ अशा जोड्या तोरणाखाली लागतात, झडत्या सुरू होतात. मालक कासरा धरून बैलाच्या खांद्याशी उभा असतो. चारशे किलोचा बैल दोन मीटरवर धरला, तर त्याच्यामुळे शेजारच्या माणसाच्या शरीरात पडणारा ओढीतला फरक चंद्रामुळे पडणाऱ्या फरकाच्या तीस हजारांहून अधिक पट येतो. बैलाचं वस्तुमान चंद्रापुढे काहीच नाही, पण तो दोन मीटरवर आहे आणि अंतराचा घन सगळं उलटंपालटं करतो. पोळा अमावस्येलाच असतो. अमावस्येचा चंद्र माणसाच्या रक्ताला उधाण आणत असेल, तर तोरणाखाली उभ्या प्रत्येक शेतकऱ्याला बैलाने कधीच आडवं केलं असतं.

यावर उत्तर येतं की थोडा परिणाम तरी असेलच, समुद्र हलतो तसं विहिरीचं पाणी हलत असेलच. समुद्रालाही चंद्र एकटा पुरत नाही. तोच चंद्र, तेच अंतर, पण खंभातच्या आखातात उधाणाला पाणी दहा मीटरच्या घरात चढतं-उतरतं आणि चेन्नईच्या किनाऱ्यावर जेमतेम मीटरभर. फरक पडतो तो किनाऱ्याच्या आकारामुळे, खोलीमुळे, पाण्याला धावायला मिळणाऱ्या हजारो किलोमीटरच्या अंगणामुळे. आपल्या विदर्भातलं लोणारचं सरोवर जवळपास गोल आणि सव्वा किलोमीटरच्या आसपास व्यासाचं. त्याच्या काठावर भरतीची रेषा कुणी पाहिलेली नाही. तिथे जे होत नाही ते घागरीत होत नाही, आणि घागरीत होत नाही ते मेंदूत होत नाही.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, कारण ती त्या पुस्तिकांतल्या दाव्यांपेक्षा कितीतरी विलक्षण आहे. पृथ्वीचं घट्ट कवचसुद्धा चंद्राने हलतं. लोहाऱ्याच्या शेताखालचा बसाल्ट, कारखान्याचा पाया, रस्ता, घरं हे सगळं साधारण फूटभर उचललं जातं आणि पुन्हा खाली बसतं, दिवसातून दोनदा. शेजारचं सगळंच बरोबर हलत असल्याने आपल्याला ते कळत नाही. खोलवरच्या बंदिस्त भूजलाची पातळी त्यामुळे काही सेंटिमीटर बदलते आणि उपकरणांनी ती मोजता येते. म्हणजे आपण रोज चंद्राच्या तालावर वरखाली होतोच. फक्त त्यासाठी आख्खी पृथ्वी लागते, आणि त्याने कुणाचं डोकं फिरत नाही.

तिथीच्या भीतीत आणखी एक विसंगती आहे, तीही सांगून टाकतो. भरतीचं उधाण अमावस्येला आणि पौर्णिमेला सारखंच येतं, कारण दोन्ही वेळी सूर्य-चंद्र एका रेषेत असतात. अष्टमीच्या आसपास ते काटकोनात येतात आणि कोकणातले कोळी ज्याला भांग म्हणतात ती मंद भरती येते. मग पौर्णिमेला वेड वाढतं आणि अमावस्येला अशुभ होतं, हे दोन वेगळे परिणाम एकाच उधाणातून कसे निघाले? शिवाय चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार आहे. तो कधी ३,६३,००० किलोमीटरच्या आसपास येतो, कधी ४,०५,००० च्या पुढे जातो. जवळ असताना त्याचं भरतीबल दूर असतानापेक्षा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक वाढलेलं असतं. खरंच ओढीची भीती असेल तर तिथीपेक्षा चंद्राचं अंतर पाहायला हवं. ते कुणी पाहत नाही. भीती आधी ठरलेली आहे, भरती तिला मागाहून चिकटवली आहे.

अनुभवाचं काय, असं विचारतात. दवाखान्यातल्या सिस्टर सांगतात की पौर्णिमेला बाळंतपणं जास्त होतात. अनुभव खोटा नसतो, पण स्मरण निवडक असतं: गर्दीची रात्र आणि वर चंद्र हे लक्षात राहतं, गर्दीची रात्र आणि दशमी हे राहत नाही. म्हणून मोजावं लागतं. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात १९९७ ते २००१ या काळातल्या ५,६४,०३९ जन्मांची नोंद चंद्राच्या कलांशी ताडून पाहिली गेली. २००५ मध्ये निष्कर्ष छापून आला, कोणत्याही कलेला जन्म वाढत नाहीत. मनोविकार, गुन्हे, आत्महत्या यांवरचे ३७ अभ्यास एकत्र करून रॉटन आणि केली या दोघांनी १९८५ मध्ये तपासले. चंद्राचा हात सापडला नाही.

बायकांच्या मासिक पाळीचा दाखला हमखास दिला जातो: पाळी अठ्ठावीस दिवसांची, चंद्राचा महिनाही तेवढाच. चंद्राचा महिना अमावस्या ते अमावस्या सरासरी २९.५३ दिवसांचा आहे, पण तो फरक सोडून देऊ. चंद्र पाळी चालवत असता तर गावातल्या सगळ्या बायकांची पाळी एकाच तिथीला आली असती. जर्मनीत २०२१ मध्ये २२ स्त्रियांच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा काहींची पाळी काही काळ चंद्राशी जुळलेली आणि मग सुटलेली दिसली. त्यात पुढे काही निघालंच तर मी ते आनंदाने मान्य करीन. पण गोठ्यात जाऊन पाहा. गाय साधारण २१ दिवसांनी माजावर येते. मेंढी सतरा दिवसांनी. त्यांच्याही अंगात पाणी आहे, त्याही त्याच चंद्राखाली उघड्यावर रात्र काढतात, माणसापेक्षा जास्तच.

झोपेबाबतची गोष्ट वेगळी आहे आणि ती दडवली तर मीही त्यांच्यासारखाच ठरेन. अर्जेंटिनातल्या तोबा-कोम या आदिवासी वस्त्यांमध्ये २०२१ मध्ये झालेल्या अभ्यासात पौर्णिमेच्या आधीच्या रात्री माणसं उशिरा झोपतात आणि कमी झोपतात असं दिसलं. पौर्णिमेच्या आधीच का? कारण त्या दिवसांत सूर्य मावळल्या मावळल्या चंद्र डोक्यावर असतो आणि संध्याकाळ लांबते. पौर्णिमेनंतर तो उशिरा उगवतो, तोवर माणसं झोपलेली असतात. आमच्याकडे वीज नव्हती तेव्हा खळ्यावर रात्री काम कधी व्हायचं ते जुन्या माणसांना विचारा, तेही हेच सांगतील.

उजेड हाच चंद्राचा सजीवांवरचा मोठा अधिकार आहे, आणि समुद्रकाठच्या जीवांवर भरती-ओहोटीचा. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरची प्रवाळं वर्षातून एकदा, वसंतातल्या पौर्णिमेनंतरच्या मोजक्या रात्रींत, एकाच वेळी आपली बीजं पाण्यात सोडतात. डोळे नसलेले, मेंदू नसलेले जीव उजेडाच्या हिशेबाने शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यात एक वेळ साधतात. कोकणातल्या कोळ्याला तिथी कळली की भरतीची वेळ कळते, कारण भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. यातलं काहीही गूढ नाही, सगळं मोजता येतं, आणि यापुढे "अंगातलं पाणी हलतं" हा दावा किती दरिद्री वाटतो!

आता पंचांगाकडे. माझ्यासारख्याने असं काही लिहिलं की लगेच आरोप होतो, "तुम्ही पंचांगावर उठलात." माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. पंचांगाचा अपमान ते करतात, जे त्याला शरीरातल्या पाण्याच्या टेकूवर उभं करतात.

तिथी म्हणजे काय? सूर्य आणि चंद्र यांच्यातलं कोनीय अंतर १२ अंशांनी वाढलं की एक तिथी. ३६० अंशांत तीस तिथी. चंद्र जवळ असताना वेगाने धावतो, दूर असताना रेंगाळतो, म्हणून तिथी कधी विसेक तासांत आटोपते, कधी सव्वीस तासांवर जाते. म्हणूनच कधी एखाद्या तिथीला सूर्योदयच मिळत नाही आणि तिचा क्षय होतो, कधी दोन सूर्योदय मिळतात आणि तिची वृद्धी होते. "काल चतुर्थी, आज थेट षष्ठी, हा काय गोंधळ?" असं म्हणून हसणाऱ्यांनाही माझा हाच जवाब आहे: तो गोंधळ नाही, लंबवर्तुळाकार कक्षा घराच्या भिंतीवर टांगलेली आहे. ज्यांनी दुर्बिणीशिवाय हा हिशेब बसवला त्यांची बुद्धी प्रभावांच्या कथा रचण्यात खर्च झाली नव्हती, मोजण्यात झाली होती.

आणि त्यांनी चंद्राला सगळं सोपवलंही नाही. बारा चांद्रमास म्हणजे सुमारे ३५४ दिवस, सौरवर्षापेक्षा ११ दिवस कमी. नुसत्या चंद्रावर चालणाऱ्या हिजरी वर्षात रमजान साधारण ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. त्या परंपरेत ते ठरवून स्वीकारलेलं आहे. पण पोळ्याला ते चालणार नाही. पोळा यायला हवा डवरण्या आटोपल्यावर, बैलाच्या मानेवरचं जू उतरल्यावर. तो मार्चमध्ये आला तर अर्थ काय? म्हणून सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी अधिक मास घालून चंद्राला सूर्याच्या चालीवर परत आणलं जातं. २०२३ मध्ये श्रावण अधिक आला आणि पोळा १४ सप्टेंबरला गेला. २०२४ मध्ये तो २ सप्टेंबरला आला, २०२५ मध्ये २२ ऑगस्टला. अकरा-अकरा दिवसांनी मागे सरकत जाणं आणि मग एका उडीत पुढे येणं. ही जोडणी एकोणीस वर्षांत २३५ चांद्रमासांशी जवळजवळ तंतोतंत मिळते.

पेरणीचं तर विचारूच नका. चंद्रकलेनुसार पेरा म्हणणाऱ्यांना बहुधा हे ठाऊकच नाही की आपला शेतकरी पेरणीला चंद्र पाहतच नव्हता. रोहिणी, मृग, आर्द्रा ही पावसाची नक्षत्रं सूर्याची आहेत. मृग निघाला म्हणजे सूर्य मृगात शिरला, ७-८ जूनच्या सुमारास. सत्तावीस नक्षत्रं हा विभाग चंद्राचाच, कारण ताऱ्यांमधून एक फेरी तो २७.३ दिवसांत पुरी करतो आणि रोज साधारण एका नक्षत्रात मुक्कामाला असतो. पण त्याच विभागातून सूर्य जातो तेव्हा एका नक्षत्राला तेरा-चौदा दिवस लागतात, आणि पाऊस मोजायला ते माप सोयीचं पडलं. ज्या आजोबांच्या नावाने चंद्रपेरणीची पुस्तिका विकली जाते ते आजोबा सूर्यावर पेरत होते. तेही नुसत्या तारखेवर नाही, ओल पाहून. आजचा सल्लाही तोच आहे, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय कोरडवाहू पेरणी करू नये. शुक्ल पक्षात रस वर चढतो म्हणतात. रस वर चढतो पानांतून होणाऱ्या बाष्पीभवनाने, म्हणजे उन्हाने. कपाशीच्या कंबरभर झाडाला चंद्राच्या ओढीचा उपयोग किती, ते वर सांगितलंच आहे.

दुसऱ्या टोकाची माणसंही आहेत. त्यांना तिथी म्हणजे मागासलेपण वाटतं, सगळे सण इंग्रजी तारखेला बांधून टाकावेत असं वाटतं. त्यांनी मेघनाद साहांचं उदाहरण पाहावं. साहा हे पहिल्या प्रतीचे भौतिकशास्त्रज्ञ, फलज्योतिषाचे कडवे विरोधक. १९५२ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीने १९५५ मध्ये अहवाल दिला आणि २२ मार्च १९५७ पासून भारतीय सौर राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. त्या समितीनेही धार्मिक सणांसाठी तिथी मोडीत काढली नाही. गणित अचूक आकाशवेधांवर आणा, एवढाच आग्रह धरला. मापनपद्धती टाकायची नसते, सुधारायची असते. तिच्याभोवती उगवलेली भीती तेवढी टाकायची.

ही भीती तरी किती जुनी, तेही तपासा. अमावस्या जर शरीराला आणि कामाला घातक, तर पूर्वजांनी पोळा अमावस्येला का ठेवला? लक्ष्मीपूजन अमावस्येला का? विदर्भात शेतकऱ्याचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस आणि व्यापाऱ्याचा सगळ्यात मोठा दिवस, दोन्ही अंधाऱ्या रात्रीचे.

चंद्राचा काळावरचा सर्वात खोल परिणाम तर कुठल्याच पुस्तिकेत नसतो. समुद्राच्या भरतीचं घर्षण पृथ्वीच्या फिरण्याला खीळ घालतं, त्यामुळे दिवस शतकामागे सुमारे दोन मिलिसेकंदांनी लांबतो. त्या व्यवहारात चंद्र दरवर्षी ३.८ सेंटिमीटर दूर जातो. १९६९ पासून अपोलोच्या चांद्रवीरांनी तिथे ठेवलेल्या परावर्तकांवर लेसर सोडून हे मोजलं जातं. जॉन वेल्स यांनी १९६३ मध्ये जीवाश्म झालेल्या प्रवाळांवरच्या रोजच्या वाढीच्या बारीक रेषा मोजल्या आणि दाखवून दिलं की सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वी वर्षाचे दिवस चारशेच्या आसपास होते. वर्ष तेवढंच, दिवस आखूड. पृथ्वीचं फिरणं असं अणुघड्याळाशी पुरतं जुळत नाही, म्हणून १९७२ पासून जगाच्या घड्याळात २७ वेळा एक-एक सेकंद वाढवावा लागला. शेवटचा वाढवला तेव्हा भारतात १ जानेवारी २०१७ ची पहाट होती, साडेपाच वाजले होते. लोहाऱ्याच्या कारखान्यातल्या घड्याळाचा हिशेबही त्या सेकंदाने मागे सरकला. त्या एका सेकंदापाठीमागे चंद्राचं कोट्यवधी वर्षांचं काम आहे. मुलांना हे सांगा. हे ऐकून माना डोलल्या तर मला हरकत नाही.

"पण एवढा वाद कशाला? लोकांनी मानलं तर तुमचं काय जातं?" हा शेवटचा प्रश्न नेहमी येतो, आणि त्याचं उत्तर कपाशीत आहे.

आमच्याकडे कृषी केंद्रावर अमावस्येच्या आधी गर्दी होते. अमावस्येला फवारा मारायचा, हा आता नियम झाला आहे. मूळ सल्ल्यात तथ्य होतं. बोंडअळीचे पतंग निशाचर आहेत. अंधाऱ्या रात्री ते अधिक फिरतात आणि अंडी घालतात, म्हणून त्या सुमाराला पिकावर नजर ठेवा असं कृषी तज्ज्ञ सांगत आले. म्हणजे पुन्हा उजेडाचीच गोष्ट. यातही सावध राहावं लागतं: प्रकाश सापळ्यात पौर्णिमेला पतंग कमी सापडतात हे सी. बी. विल्यम्स यांनी इंग्लंडमध्ये १९३६ सालीच नोंदवलं, पण पतंग खरोखर कमी उडतात की चांदण्यात सापळ्याचा दिवा फिका पडतो, हा प्रश्न तेव्हापासून अभ्यासकांना पडलेला आहे. विज्ञान असं चालतं, शंका बरोबर घेऊन. गावात येईपर्यंत शंका गळाली, कारण गळालं, नजर ठेवणंही गळालं. उरली फक्त तिथी आणि बाटली. पतंग आहेत की नाहीत हे न पाहता, अळीने मिटवलेली डोमकळी न शोधता, हिरवी बोंडं न फोडता, अमावस्या आली म्हणून पंप पाठीवर चढतो.

त्या पंपाची किंमत या जिल्ह्याने मोजली आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किमान वीस शेतकरी आणि शेतमजूर गेले. शेकडो जणांना यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आणि इतरत्र दाखल व्हावं लागलं. त्याचा दोष चंद्रावर नाही, अमावस्येवरही नाही. कपाशी डोक्याच्या उंचीला गेली होती, दमट उकाडा होता, दोन-तीन औषधं मिसळून मारली जात होती, हातमोजे-मास्क नव्हते, मजूर सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या धुक्यात चालत होता. त्याच वर्षी गुलाबी बोंडअळीने पीकही खाल्लं. पण विनाकारण मारलेली प्रत्येक फवारणी हा कुणाच्या तरी फुप्फुसावर घेतलेला धोका असतो, आणि तिथी हे फवारणीचं कारण होऊ शकत नाही.

कारण काय होऊ शकतं ते ठरलेलं आहे, आणि ते चंद्र दिसत असला-नसला तरी लागू पडतं. एकरी दोन कामगंध सापळे लावा, रोज सकाळी पतंग मोजा. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग सापडले, किंवा शंभर हिरव्या बोंडांतली दहा किडकी निघाली, तर फवारणीचा विचार करा. नाही सापडले तर अमावस्या असो की पौर्णिमा, पंप घरात राहू द्या. चंद्रकलेच्या पुस्तिका छापणाऱ्यांनी पुढच्या हंगामात मुखपृष्ठावरून समुद्राच्या भरतीचं चित्र हटवून तिथे हे दोन आकडे छापावेत, आणि कृषी केंद्राच्या फळ्यावर अमावस्येच्या तारखेशेजारी तेच लिहिले जावेत, अशी माझी मागणी आहे.